खरवड

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट माझ्याकडे सरकवला
आणि विचारलं, "काम काय करता?"
मी हात पुढे केले.
नखांच्या कडांत चाळीस वर्षांचा मैदा.
त्या थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या.

गहू बंद. राय बंद, बार्ली बंद.
पिठाची हवेतली धूळसुद्धा नको.
म्हणजे भट्टीच बंद.
ती आता भाचा चालवतो, डेनिस.
खमीर माझंच आहे.
त्याला दोन वेळा खाऊ घालायचं असतं
हे मी तीनदा लिहून दिलंय.
विसरतो.

तर उरला मका.
पोलेंता.
तांब्याच्या कढईत पाऊण तास घोटायचा
पिवळा, जाडसर घाटा.
चौदाव्या वर्षी मी ज्याच्यापासून पळालो,
तोच.

सकाळी दुधात तो, दुपारी नुसता तो,
रात्री दुपारचाच निखाऱ्यावर भाजून.
फळीवर उलथला की आई दोऱ्यानं कापायची.
सुरी नाही, शिवायचा दोरा.
सात तुकडे, सातही सारखे.
आणि दोऱ्याला चिकटलेलं तिचं.

उदिनेला जाऊन मी पोती उचलली,
वर्षभर भट्टीशेजारीच झोपलो,
पांढरा पाव शिकलो.
लग्नाच्या दिवशी आर्जियाला बजावलं:
माझ्या घरात मका येईल तो कोंबड्यांपुरता.
बायका काय काय जपून ठेवतात!
आता पान वाढलं की हाक येते,
"कोंबडेराव, चला जेवायला."

माझी कढई वेगळी. माझा दांडा वेगळा,
त्याला लाल धागा.
हात पुसायचं फडकं वेगळं.
रविवारी चर्चमध्ये माझा प्रसाद वेगळ्या डबीत,
त्यात गहू नावापुरता.
फादर जिल्दो आधी बोटं धुतात,
म्हणून रांगेत मी शेवटचा.
सगळ्या गावाला पाव खाऊ घातला
आणि म्हातारपणी हे सोवळं.

नाही म्हणायला एकदा चोरून खाल्लं.
एक टोक. नुसतं कडेचं टोक.
तीन दिवस न्हाणीघराच्या फरशीवर पडून होतो.
आर्जिया एक शब्द बोलली नाही.
बोलली असती तर बरं झालं असतं.

परवा तोल्मेत्सोला डेनिसचं लग्न झालं.
कोटाच्या आतल्या खिशात माझा तुकडा, रुमालात,
छातीला ऊब देत होता.
सगळ्यांच्या ताटांशेजारी पाव.
मी फडकं सोडलं, तसा शेजारचा एक पोरगा,
पुढचे दोन दात पडलेला,
वाकून बघायला लागला.
"हे काय?"
"पथ्य," मी म्हणालो.
त्यानं आपला पाव माझ्यापुढे ढकलला,
माझा तुकडा उचलला,
आणि हिरड्यांनीच अर्धा संपवला.
मी पाव खाल्ला नाही.
पण उलटा करून पाहिला, बोटानं वाजवला.
बुडाला कच्चा.
नवरदेवाला अजून सांगितलेलं नाही.

रात्री दोनला जाग येतेच.
चाळीस वर्षांची सवय, तिला रिपोर्ट कळत नाही.
खालच्या गल्लीतून पहिल्या घाण्याचा वास वर येतो.
मी खिडकी लावतो. कधी नाही लावत.
मग पाणी ठेवतो, मीठ टाकतो,
डाव्या मुठीतून पीठ सोडत उजव्या हातानं घोटत राहतो.
मळायची हौस घोटण्यावर भागत नाही,
दंडाला मात्र काम मिळतं.

घाटा फळीवर उलथला
की कढईच्या बुडाला खरवड राहते.
गार होताना ती आक्रसते, कडेनं सुटते,
आणि तडतडते,
अगदी हळू.

भट्टीतून काढलेला पाव असाच बोलतो.
चांगला भाजला असेल तरच.
हे डेनिसला शिकवायचं राहून गेलं.

मी वाकून कढईला कान लावतो.
आतल्या खोलीतून आवाज येतो,
"कोंबडेराव, झोपा आता."

खरवड उचकटतो,
अंधारात उभ्यानंच खातो.
तोंडात ती इतकी मोठ्यानं मोडते
की आर्जियाला ऐकू जात असणार.